कचरा तुमचा, हात कुणाचे? मुळशीतल्या ‘हिरव्या’ घरांना काही प्रश्न

५ जून आला की भूगाव, बावधन, हिंजवडीच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक यादी फिरू लागते. कापडी पिशवी वापरा. शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करा. प्लास्टिकचा ब्रश टाकून बांबूचा आणा. ओल्या कचऱ्याचे खत करा. आणि शेवटी ठरलेले वाक्य: आपली आजी जशी जगायची तसे जगा. यादीतल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत, त्या कराव्यात, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो यादीत जे नाही त्याबद्दल. यादीत पृथ्वी आहे, समुद्रातले कासव आहे, पुढची पिढी आहे. तुमच्या दारातली कचऱ्याची बादली रोज सकाळी उचलणारी बाई मात्र कुठेच नाही.

ती कोण आहे? पुणे परिसरात कचरा वेचणाऱ्यांत बायांची संख्या सर्वाधिक, आणि त्यांतल्या बहुसंख्य बौद्ध, मातंग अशा अनुसूचित जातींतल्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आलेल्या अनेक कुटुंबांच्या हाती शेवटी कचऱ्याचे पोतेच आले. हा योगायोग आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी गावगाडा आठवून पाहावा. मेलेले ढोर कोणी ओढायचे, आवार कोणी झाडायचे, हे तिथे जन्मानेच ठरलेले होते. शहरात आल्यावर बलुते गेले, येसकरी गेली. घाण उचलणारे हात मात्र तेच राहिले. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला, तेव्हा कुठे या बायांच्या गळ्यात ओळखपत्र आले. तोपर्यंत हे काम करणारी बाई पोलिसाच्या नजरेत चोर होती आणि सोसायटीच्या नजरेत घाण.

म्हणून घरात पर्यावरणपूरक वागण्याची सुरुवात कुठून करायची, असे मला कोणी विचारले तर मी बांबूच्या ब्रशापासून करत नाही. मी स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांपासून करतो. ओला एका डब्यात, सुका दुसऱ्यात. सगळ्यांना पाठ असलेली ही गोष्ट मी पुन्हा सांगतोय, कारण तिचे खरे कारण क्वचितच सांगितले जाते. सुका कचरा कोरडा राहिला तर तो माल असतो. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्र्याचे डबे यांना भंगारात भाव मिळतो आणि तो पैसा वेचणाऱ्या बाईच्या घरी जातो. त्याच पुठ्ठ्यावर कालची आमटी सांडली की भाव गेला, आणि वर तिला ती आमटी हाताने निपटावी लागते. तुमचा एक मिनिटाचा आळस तिच्या रोजीतून कापला जातो. दुधाची पिशवी पाण्याने खंगाळून वाळवा, टाकताना तिचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, कारण तो इवलासा तुकडा कोणीच उचलत नाही. फुटलेली काच, ब्लेड, मधुमेहाच्या इंजेक्शनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण लावून द्या. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा, त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळे द्या. ही लाल ठिपक्याची पद्धत पुण्यातल्या कचरावेचक बायांच्या मोहिमेतूनच पुढे आली. तिला एवढेच हवे होते की पुडी उघडण्याआधी आत काय आहे ते कळावे.

आणखी एक गोष्ट. हे वेगळे करण्याचे काम घरात कोण करते? बऱ्याच घरांत ते घरकाम करणाऱ्या ताईवर ढकलले जाते. म्हणजे मालकीणबाई पर्यावरणप्रेमी, आणि तिचे पर्यावरणप्रेम निस्तरते दुसरीच. २०१६ च्या घनकचरा नियमांत एक फार मोलाची गोष्ट होती, तिच्याकडे आपल्या चळवळीनेही पुरेसे लक्ष दिलेले नाही. कचरा वेगळा करण्याची जबाबदारी त्या नियमांनी कचरा करणाऱ्यावर टाकली. जातिव्यवस्थेचा नियम याच्या नेमका उलटा होता: घाण एकाने करायची आणि ती दुसऱ्याचे कर्तव्य ठरवायची. हे नीट समजून घेतले तर दोन डब्यांचा प्रश्न स्वच्छतेपुरता राहत नाही. माझे खरकटे मी निपटतो, यात समतेचे एक साधे आचरण आहे. पुरुषांनी तर ते आवर्जून करावे. बुद्धविहारात समतेवर तासभर बोलायचे आणि घरी जेवलेले ताट जागेवर सोडून उठायचे, असले कार्यकर्ते मी भरपूर पाहिले आहेत.

त्याच नियमांत ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असेही म्हटले होते. मुळशीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या मोठ्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकांत खताच्या यंत्राचे चित्र असते. ते यंत्र आज चालू आहे की त्यावर जुन्या खुर्च्या रचल्या आहेत, हे ज्याने त्याने खाली उतरून पाहावे. ‘निसर्गाच्या कुशीत’ हा शब्द विकण्यात आपला तालुका पटाईत आहे. मोसे खोऱ्यात डोंगर फोडून वसवलेल्या लवासाला पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवण्याची नोटीस दिली, हे फार जुने झालेले नाही.

आता संडासाकडे येऊ. हा विषय हिरव्या यादीत कधीच नसतो. पॅड, कंडोम, ओले टिश्यू, केसांचे गुंतवळे कमोडमध्ये टाकले की ते दिसेनासे होतात. सिंकमध्ये ओतलेले तळणीचे तेलही दिसेनासे होते. पण नाहीसे काहीच होत नाही. सगळे चेंबरमध्ये जाऊन थिजते, चेंबर तुंबतो, आणि मग सोसायटीचा सुपरवायझर फोन करून ‘माणूस’ बोलावतो. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हाही गुन्हा आहे. तरी माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात. मेलेल्यांची आडनावे वाचली तर आणखी काही सांगावे लागत नाही. तेव्हा वापरलेले तेल बाटलीत साठवा, गाळून पुन्हा वापरता येत नसेल तर बंद करून सुक्या कचऱ्यासोबत वेगळे द्या. कमोडमध्ये मलमूत्र आणि पाणी यांशिवाय काही टाकू नका. आणि सोसायटीच्या बैठकीत विचारा की आपला चेंबर मशीनने साफ होतो की माणसाने.

आता त्या आजीकडे वळतो. ‘आजीसारखे जगा’ म्हणणाऱ्याला मी विचारतो, कुणाची आजी? मुळशीच्या रस्त्यावर जागोजागी ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या आहेत. रविवारी गाड्या भरून लोक येतात, धुराचा वास घेत जेवतात आणि परंपरेचे कौतुक करत परत जातात. चुलीपुढे बसलेली बाई तो धूर रोज छातीत भरून घेते. डोंगराकडच्या कातकरी वाडीतली बाई लाकडाची मोळी डोक्यावर आणते, ती परंपरेच्या प्रेमापोटी नाही. गॅसचा भरलेला सिलिंडर तिला परवडत नाही म्हणून. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात यंत्राला नाकारणाऱ्या विचारावर घणाघात केला होता. यंत्र नको म्हणजे कष्टकऱ्याच्या वाट्याला फुरसत नको, शिक्षण नको, असा त्यांचा रोख होता. निसर्गाकडे परतणे याचा अर्थ बहुसंख्यांसाठी दारिद्र्याकडे आणि अज्ञानाकडे परतणे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. १९५० च्या ‘महाबोधी’तल्या लेखात तर धर्माने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये, अशी अटच त्यांनी घातली. म्हणून आपल्या वस्तीतल्या माणसाने ‘साधेपणा’चे गोडवे ऐकताना सावध असावे. आपण कमी वापरतो, कारण आपल्याला कमी मिळाले. ज्याच्याकडे दोन गाड्या आणि चार एसी आहेत त्याने आपल्याला काटकसर शिकवू नये.

मग आपल्या परंपरेत काहीच नाही का? आहे, आणि ते गावगाड्यातून आलेले नाही. विनयपिटकात आनंद आणि उदेन राजाचा संवाद आहे. भिक्खूंना पाचशे चीवरे मिळाल्याचे कळल्यावर राजाला शंका येते की एवढ्या कपड्यांचे हे करणार काय, दुकान थाटणार की काय? तो आनंदाला विचारतो. आनंद सांगतो, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना ही वाटू. मग जुन्यांचे काय? त्यांची पांघरूणे करू. जुन्या पांघरूणांचे? गादीचे अभ्रे. अभ्र्यांचे? बसकर. मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि फडकी जीर्ण झाली की ती कुटून मातीत मिसळून त्यांचा गिलावा करू. राजाचे समाधान झाले. मला यातली दोन टोके महत्त्वाची वाटतात. सुरुवात वाटपापासून होते, आणि जुने झालेले कापड कुठेही दुसऱ्याच्या अंगणात फेकले जात नाही. आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या याच वाटेवरच्या. दर महिन्याला ऑनलाइन कपडे मागवून ते ‘गरिबांना’ देऊन टाकणाऱ्यांनी आनंदाचे उत्तर वाचावे. फाटका शर्ट वस्तीत दान केला की तो कचरा वस्तीचा होतो, एवढेच.

पाण्याचे मुळशीत वेगळेच आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी इथे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे पुढे होते, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा होती. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा इतिहास लिहिताना पुण्यातल्या सावकारांची भूमिकाही उघड केली आहे. जमिनी कागदोपत्री त्यांच्या होत्या, त्यांना मोबदल्यात रस होता. राबणाऱ्या मावळ्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. ज्यांच्या नावावर मुळात जमीनच नव्हती त्यांची तर गोष्टच सोडा. १९२७ मध्ये या पाण्यावर कोकणातल्या भिरा इथे वीज तयार होऊ लागली. ती मुंबईला गेली, पाणी कुंडलिकेत उतरले. त्याच वर्षी, २० मार्चला, आजच्या त्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, हजारो माणसांना ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. नदीचा प्रवाह घाटाखाली वळवण्याचे तंत्र या देशाकडे होते, पण तळ्याचे पाणी सर्वांना देण्याची दानत नव्हती.

हे आठवत नळ उघडावा. घरात आरओ यंत्र असेल तर ते एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले होते. सह्याद्रीच्या पावसाने भरलेल्या धरणाचे पाणी येत असेल तर आधी तपासून घ्या. साधा गाळण किंवा उकळणे पुरते. बोअरच्या जड पाण्यासाठी यंत्र लागत असेल तर त्याचे टाकाऊ पाणी बादलीत धरून फरशीला, संडासाला वापरा. सोसायटीला टँकर येत असेल तर तो कुठल्या गावच्या विहिरीवर भरतो आणि त्या गावच्या बायांना पाणी कुठून आणावे लागते, याची चौकशी करायला हरकत नाही.

पिशवीबद्दल थोडक्यात. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, पहिला दंड ५००० रुपये. कागदावर तो सगळ्यांना होता. भाजीवालीने तो भरलेला लोकांनी पाहिला. कंपनीच्या वेष्टनातले वेफर्स मात्र सुटले. तुम्ही घरून पिशवी नेली तर तिला पातळ पिशव्या ठेवाव्याच लागत नाहीत.

आणि वेष्टनावर हिरवे पान छापले आहे म्हणून वस्तू हिरवी होत नाही. ७ जून २०२१ रोजी, पर्यावरणदिनानंतर दोनच दिवसांनी, आपल्याच तालुक्यात उरवड्याला पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. किमान १७ कामगार मेले. त्यांत बहुतेक बाया होत्या, आसपासच्या गावांतून रोजंदारीवर येणाऱ्या. स्वच्छ पाणी, स्वच्छ हात यांचा सगळीकडे जप चालू होता ते ते वर्ष. पण वस्तू बनवणारीला आग लागली तर बाहेर पडता येईल का, हा प्रश्न कुठल्याच ‘इको’ शिक्क्यात विचारलेला नसतो.

मागे पिरंगुट रस्त्यावरच्या एका सोसायटीने कचरा वर्गीकरणावर बोलायला बोलावले होते. लोक उत्साही होते, प्रश्न चांगले होते, खताचे नमुने मांडले होते. बोलून झाल्यावर मी विचारले की रोज चार तास इथे कचरा निवडणाऱ्या तिघी जणी लघवीला कुठे जातात? क्लब हाऊसमध्ये तीन स्वच्छतागृहे होती, ती सभासदांसाठी. लिफ्टही त्यांच्यासाठी वेगळी होती. एका काकांनी मला सांगितले की हा विषय आजच्या कार्यक्रमात बसत नाही. समितीतल्या एका तरुण मुलीने मात्र वही काढली आणि म्हणाली, काय काय लागेल ते सांगा. मी सांगितले: कचरा निवडायला पत्र्याची शेड आणि सिमेंटचा ओटा, हात धुवायला नळ आणि साबण, आतून कडी लागणारा संडास, दर दोन महिन्यांनी नवे हातमोजे, आठवड्याची एक पगारी सुट्टी, आणि वर्षातून एकदा धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी. तिने सगळे उतरवून घेतले आणि महिन्याचा खर्च काढला. तो प्रत्येक घरामागे एका पिझ्झाच्या किमतीपेक्षा कमी आला.