सद्या असा कधीपासून झाला?

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, हा लेख कॉमिक्सवर आहे. "इंजिनिअरिंगला येऊन कॉमिक्स?" असं ज्यांना वाटेल त्यांनी पान उलटून सरळ कवितांकडे जावं. पावसावरच्या कविता यंदाही भरपूर आल्यात म्हणे!

तर झालं असं. सेकंड इयरला असताना मी आणि माझ्या रूममेटने डिपार्टमेंटच्या भित्तिपत्रकात एक चित्रकथा सुरू केली. दर पंधरवड्याला चार चौकटी. हीरोचं नाव सद्या. गडहिंग्लजकडचा, होस्टेलला राहणारा, एम-थ्रीला टरकून असणारा. या सद्याची एक गोष्ट पक्की होती. तो कॉपी करत नाही. तत्त्वबित्त्व काही नाही हो, त्याला नुसती भीती वाटते! चिठ्ठी खिशात असली की त्याला घाम फुटतो आणि जे येत असतं तेही तो विसरतो. आमच्या निम्म्या गोष्टी या एवढ्या भांडवलावर चालायच्या.

थर्ड इयरला सबमिशन, मिनी प्रोजेक्ट आणि दोन केट्या (एक माझी, एक त्याची) यात आम्ही अडकलो आणि भित्तिपत्रक ज्युनिअर्सच्या हवाली केलं. दोन महिन्यांनी पॅसेजमधून जाताना बघतो तर काय, सद्या परीक्षा हॉलच्या बाहेर मायक्रो झेरॉक्स विकतोय! पाच रुपयाला पान. वर डोळ्यांवर गॉगल. पोरं खिदळत होती, विनोद तसा बराही होता. पण शेजारी उभ्या असलेल्या सेकंड इयरच्या एका पोराने मला विचारलं, "दादा, सद्या असा कधीपासून झाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी मला आमच्या मामाचा राग पहिल्यांदा कळला.

मामा शाहूपुरीत राहतो. त्याच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, त्यात इंद्रजाल कॉमिक्स, मराठीतली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात खालचा फ्रीज, दिवाण, धान्य सगळं गेलं, ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. मामी अजून म्हणते, पाण्यालापण कळलं नाही काय न्यायचं ते. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. त्यातला मामाचा देव म्हणजे वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा फँटम. आता गंमत बघा. हा वेताळ १९३६ साली अमेरिकेतल्या पेपरात सुरू झाला तेव्हा त्याचं जंगल आशियात कुठेतरी होतं, नंतर ते हळूच आफ्रिकेत सरकलं. इंद्रजालवाल्यांनी तर आपल्याकडे कुणाला लागायला नको म्हणून त्या देशाचं नावच बदलून डेंकाली केलं. अख्खा देश एका खंडातून दुसऱ्या खंडात गेला, आणि मामाला विचाराल तर त्याला त्याचं काहीसुद्धा वाटत नाही!

का वाटत नाही? कारण वेताळ तोच राहिला. पहिल्या वेताळाने १५३६ साली बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, ती एकविसावा वेताळसुद्धा पाळतो. त्याने १९७७ साली डायनाशी लग्न केलं, १९७९ मध्ये जुळी मुलं झाली, आणि मग तो बायकोमुलं असलेला वेताळ झाला. फॉक १९९९ मध्ये गेले, तोपर्यंत ते स्वतः लिहीत होते. लग्न नकोसं झालं म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

आता याच्या शेजारी स्पायडरमॅन ठेवा. पीटर पार्कर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ साली झालं. वीस वर्षं वाचकांनी तो संसार वाचला. मग २००७ मध्ये 'वन मोअर डे' आलं. मे काकूचा जीव वाचवण्यासाठी पीटर मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करतो, आणि सैतान मागतो काय, तर यांचं लग्न! सगळ्या जगाच्या आठवणीतून ते लग्न पुसलं जातं. मार्व्हलचे तेव्हाचे मुख्य संपादक ज्यो केसाडा यांना लग्न झालेला स्पायडरमॅन नको होता, आणि ही गोष्ट त्यांनी लपवलीही नव्हती. मला चीड येते ती इथेच. जबाबदारी अंगावर घेणारा म्हणून ज्याला आम्ही लहानपणापासून ओळखतो, तो सैतानाशी सौदा करतो, का? तर ऑफिसात बसलेल्या कुणालातरी तो अविवाहित हवा होता. सैतान बिचारा उगाच बदनाम!

तुम्ही म्हणाल, माणूस बदलत नाही का? बदलतो की! त्याच ट्रंकेत बहादूर आहे. इंद्रजालने १९७६ मध्ये आणलेला देशी हीरो, आबिद सुरती यांनी निर्माण केलेला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. बाप डाकू, पोलिसांच्या हातून मेलेला. पोरगा सूड डोक्यात घेऊन मोठा होतो, आणि शेवटी डाकूंच्याच विरोधात नागरिकांचं सुरक्षा दल उभं करतो. यापेक्षा मोठं घूमजाव कुठलं? पण ते गोष्टीत घडतं, आपल्या डोळ्यांसमोर, आणि त्याला ते जड जातं. म्हणून पटतं. पुढे कथा जगजीत उप्पल लिहायला लागले. मामाच्या मते नंतरनंतर बहादूर "कुठलापण हीरो" वाटायला लागला. मी म्हटलं, मामा, तू मोठा झालास म्हणून तसं वाटलं असेल. त्याने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

नागराजचं काय झालं ते आमच्या पिढीतल्या हिंदी कॉमिक्सवाल्यांना माहीत आहेच. राज कॉमिक्सचा १९८६ चा नागराज, परशुराम शर्मांची कथा, प्रताप मुळीकांची चित्रं. प्रोफेसर नागमणीने अतिरेक्यांना भाड्याने द्यायला बनवलेलं हत्यार. गोरखनाथ त्याच्या डोक्यातली कॅप्सूल काढतात आणि तो मोकळा होतो. काय सुरुवात आहे राव! तो नागराज अतिरेक्यांना विषफुंकार मारताना मागंपुढं बघत नव्हता. नंतरचा नागराज महानगरात राज नावाने नोकरी करतो, तो राजघराण्यातला निघतो, आणि पूर्वी ज्याला सहज संपवलं असतं त्याच्याशी तीस पानं झुंजत बसतो. पुढे 'आतंकहर्ता नागराज', 'नरक नाशक नागराज' अशा वेगळ्या मालिका निघाल्या. मला विचाराल तर ते जास्त प्रामाणिक. निदान पाटी तरी वेगळी लावली! उलट सुपर कमांडो ध्रुव घ्या, १९८७ चा. लिहिणारे आणि काढणारे अनुपम सिन्हा, एकच हात. अंगात शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला, शक्यतो जीव घेत नाही. ध्रुव अडकला की तो कसा सुटेल याचा आपण विचार करू शकतो, कारण तो काय करणार नाही हे आपल्याला माहीत असतं. नागराजच्या बाबतीत विचार करून उपयोग नाही, ऐनवेळी अंगातून नवीन साप निघतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा रकाना असतो ना, तसं आहे हे. माप बदला, पण कुणी बदललं, कधी आणि का ते तिथे लिहा. नाहीतर आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टसारखं होतं. चौघांनी चार चॅप्टर लिहिले, बीम दुसऱ्या चॅप्टरमध्ये ४ मीटर, चौथ्यात ४.५. एक्स्टर्नलने विचारलं, "अर्धा मीटर कुठून आला?" चौघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

तर, मी तणतणत ज्युनिअर्सच्या रूमवर गेलो. "सद्या कॉपी विकेलच कसा?" त्यातली एक पोरगी शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही आम्हाला फक्त कार्डशीटचा गठ्ठा आणि स्केचपेनं दिली. सद्या कसा आहे ते कधी सांगितलंत?"

बोंबला! खरंच सांगितलं नव्हतं. सद्या आमच्या दोघांच्या डोक्यात होता, कागदावर कुठेच नव्हता.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून एक पान लिहिलं. सद्या कॉपी करत नाही, भीतीमुळे. मेसमध्ये तिसरी चपाती मागायला लाजतो. खोटं बोलला की कान खाजवतो. पैसे उसने देतो, मागायची हिंमत होत नाही. त्याला बदलायचं असेल तर बदला, पण आधी त्याला घाम फुटलेला दाखवा. पान ज्युनिअर्सना नेऊन दिलं.

आठवड्याने ते परत आलं. खाली पेन्सिलने एक प्रश्न लिहिला होता, "तीन वर्षांत सद्या गावाकडे एकदाही फोन का करत नाही?"

आम्ही अजून विचार करतोय.