विश्लेषण : जागतिक वारसा ठरलेले १२ किल्ले पाहायचे कसे? तुर्भ्याहून सहल आखताना काय लक्षात घ्यावे?

‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ते भारतातील ४४ वे वारसास्थळ ठरले. साहजिकच ‘बाराही किल्ले करायचे’ असे बेत शिजू लागले. मात्र, यादी हातात घेऊन एकामागून एक किल्ले उरकणे हा त्यासाठीचा सर्वांत वाईट मार्ग आहे.

यादीत कोणते किल्ले आहेत?

साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि जिंजी हे डोंगरी किल्ले. प्रतापगड जंगलाने वेढलेल्या डोंगरावर, तर पन्हाळा पठारावर. विजयदुर्ग किनाऱ्यावर आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग बेटांवर. तमिळनाडूतील जिंजी वगळता बाकी ११ महाराष्ट्रात आहेत.

ही विभागणी महत्त्वाची आहे. युनेस्कोने केवळ तटबंदीला मान दिलेला नाही. डोंगर, जंगल आणि समुद्र यांचा संरक्षणासाठी कसा वापर झाला, त्याला दिला आहे. १६५९ मध्ये अफझलखानाला प्रतापगडाखालीच का यावे लागले, हे जावळीचे खोरे पाहिल्यावर कळते. म्हणजे इथे निसर्ग आणि इतिहास वेगळे पाहता येत नाहीत. त्यामुळे सहलही भूगोल आणि ऋतू पाहूनच ठरवावी लागते.

एका दिवसात काय होईल?

तुर्भ्यातील एमआयडीसी किंवा बाजार समितीत काम करणाऱ्या अनेकांच्या हाती आठवड्याची एकच सुट्टी असते. त्यांच्यासाठी लोहगड सोयीचा. शीव-पनवेल महामार्गावरून कळंबोली आणि तिथून द्रुतगती मार्गाने लोणावळा गाठता येते. रेल्वेने जायचे तर ट्रान्स हार्बरने ठाणे, पुढे लोणावळा आणि लोणावळा-पुणे लोकलने मळवली. भाजे लेणी वाटेतच आहेत. शिवनेरीसाठी कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून जुन्नर गाठावे. मात्र पहाटे निघावे लागेल.

दोन-तीन दिवस असतील तर?

मुंबई-गोवा महामार्गाने महाड आणि तिथून रायगड. दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगड. रायगडाला रोपवे असल्याने ज्येष्ठांनाही नेता येते. राजगड आणि पन्हाळा ही पुणे-कोल्हापूर महामार्गावरची जोडी. राजगडासाठी नसरापूर फाट्याला वळायचे. मात्र राजगडाची चढाई दमवणारी आहे, पन्हाळ्यावर थेट गाडी जाते. दोन्हींना सारखाच वेळ धरू नये.

कोकणातील जलदुर्ग कधी पाहावेत?

दिवाळीनंतर. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि सिंधुदुर्गला जाणाऱ्या होड्या बंद असतात. पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून मालवण हा सरळ मार्ग. विजयदुर्ग याच दौऱ्यात होतो. सुवर्णदुर्गासाठी खेडला उतरून दापोलीमार्गे हर्णे गाठावे. रेल्वेचे आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी सुरू होते. डिसेंबरच्या सहलीची तारीख ऑक्टोबरमध्येच पक्की करावी लागेल. अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरीला जाताना नियमित होडी मिळेलच असे गृहीत धरू नये, आधी चौकशी करावी.

मग उरले कोणते?

साल्हेर आणि जिंजी. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील साल्हेर हा राज्यातील सर्वांत उंच किल्ला, १,५६७ मीटर. तिथे मुक्कामानेच जावे. तिंडिवनम आणि तिरुवन्नामलै यांच्या दरम्यानचा जिंजी वेगळ्या सुट्टीसाठी ठेवावा.

पावसाळ्यात धोका काय?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील पूल कोसळून चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते. पावसाळी रविवारी सगळे एकाच ठिकाणी धावतात आणि धोका गर्दीबरोबर वाढतो. निसरड्या पायऱ्या आणि दरडप्रवण घाट यांचे गणित ‘सगळे जातात’ म्हणून बदलत नाही. जिल्हा प्रशासनाची बंदी लागू आहे का आणि हवामान विभागाचा इशारा काय, हे आदल्या रात्री पाहणे दोन मिनिटांचे काम आहे. लाल इशारा असेल तर बेत रद्द करण्यात कमीपणा नाही.

जबाबदारी कोणाची?

१२ पैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. पायथ्याशी वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि दिवसाला किती जणांना सोडायचे याची मर्यादा या गोष्टी यंत्रणांनीच ठरवायला हव्यात. पर्यटकांच्या समजूतदारपणावर सोडून चालणार नाही. पर्यटकांच्या हाती आहे ते एवढेच : वर्षाला तीन-चार किल्ले, योग्य ऋतूत, गावात जेवून-राहून पाहावेत. बारा पूर्ण व्हायला तीन-चार वर्षे लागतील. या किल्ल्यांनी साडेतीनशे वर्षे वाट पाहिली आहे. आपल्यालाही एवढी घाई असायचे कारण नाही.