यासुनीच्या जंगलासाठी जगाने किती मोजले?



दूरदेशीचे वन्यजीव वाचवायला तुम्ही किती पैसे द्याल, असे लोकांना विचारायचे, उत्तरांची सरासरी काढून ती कुटुंबांच्या संख्येने गुणायची आणि आलेल्या आकड्याला त्या निसर्गाचे मोल म्हणायचे, ही अर्थशास्त्रातली रुळलेली पद्धत आहे. तिच्यावर एवढा भरवसा टाकणे धोक्याचे आहे.

मूळ विचार मोलाचा आहे, यात शंका नाही. जी जागा आपण कधीच पाहणार नाही, ती शाबूत असण्यालाही माणसाच्या लेखी किंमत असते, असे अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन क्रुटिला यांनी 1967 मध्ये मांडले. 1989 मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ जहाजातले तेल अलास्काच्या समुद्रात सांडले, तेव्हा याच आधारावर अमेरिकाभर पाहणी झाली आणि ही हानी सुमारे 2.8 अब्ज डॉलरची ठरली.

पण त्याच सुमारास दुसरी एक पाहणी झाली. तेलाच्या उघड्या खड्ड्यांत पडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला किती द्याल, असा प्रश्न होता. एका गटाला 2,000 पक्षी सांगितले, दुसऱ्याला 20,000, तिसऱ्याला 2,00,000. सरासरी उत्तरे आली 80, 78 आणि 88 डॉलर! ही पाहणी एक्सॉनच्या पैशांतून झाली होती आणि कंपनीचा स्वार्थ उघड होता. तरी पक्षी शंभरपट झाल्यावरही रक्कम जवळपास जागची हलली नाही, हे उरतेच. लोक खोटे बोलले नसावेत. त्यांनी आपली हळहळ सांगितली, आणि हळहळ पक्ष्यांच्या संख्येबरोबर वाढत नाही.

प्रत्यक्ष खिशात हात घालायची वेळ आली की काय होते, ते इक्वेडोरने पाहिले. यासुनी राष्ट्रीय उद्यानाच्या एका भागाखाली सुमारे 85 कोटी बॅरल तेल होते. ते जमिनीतच ठेवतो, बुडणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा भार, म्हणजे 3.6 अब्ज डॉलर, जगाने उचलावा, असे आवाहन अध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी 2007 मध्ये केले. 2013 पर्यंत रोख जमले जेमतेम 1.3 कोटी डॉलर. योजना गुंडाळली गेली आणि 2016 मध्ये तेल निघू लागले. अखेर 2023 च्या सार्वमतात सुमारे 59 टक्के मतदारांनी तेल जमिनीतच ठेवावे, असा कौल दिला. उत्पन्न बुडणार होते ते त्यांच्याच देशाचे.

आपल्याकडेही जंगलाची किंमत स्थानिकांनाच मोजावी लागल्याचे दिसते. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यासाठी डब्ल्यूडब्ल्यूएफ या आंतरराष्ट्रीय वन्यजीव संस्थेने 10 लाख डॉलर देऊ केले होते. ती मदत मोलाचीच. पण पहिल्या नऊ क्षेत्रांतल्या मेळघाटात पुढे कोरकू आदिवासींची गावे उठली. त्यांनी सोडलेली शेते आणि घरे लंडन-न्यूयॉर्कमधल्या कुटुंबांना विचारून कशी मोजणार?

म्हणून अशा प्रत्येक पाहणीच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे छापणे बंधनकारक करावे: त्या जंगलासाठी परदेशातून प्रत्यक्ष किती पैसा आला, आणि त्यातला किती जंगलालगतच्या गावांपर्यंत पोहोचला. शिवाय तीच प्रश्नावली त्या गावांतही, त्यांच्याच भाषेत, फिरवावी.