नाव सोलापूरचे, चादर कोणाची?

होटगी रस्त्यावरील सोलापूर विमानतळाचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. जून २०२५ मध्ये गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद, जून २०२३ मध्ये झालेले तिचे पाडकाम आणि अनेक वर्षांची प्रतीक्षा यांनंतर सोलापूर आकाशमार्गाने जोडले गेले. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर येथे जाणारा भाविक आता या मार्गानेही येऊ लागला आहे. तो परत जाताना सोलापूरची आठवण म्हणून काय घेऊन जातो, आणि जे घेऊन जातो ते खरोखर सोलापूरचे असते काय, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु सोलापूरच्या पूर्व भागातील हजारो घरांच्या चुली या प्रश्नाशी जोडलेल्या आहेत.

प्रवासाहून रिकाम्या हाताने परतू नये, हा आपला जुना संस्कार आहे. पंढरीचा वारकरी बुक्का, तुळशीची माळ आणि चुरमुरे घेऊन परततो. आळीतल्या प्रत्येक घरी चिमूटभर का होईना प्रसाद पोहोचतो. त्या वस्तूचे मोल पैशात नसते. ती त्या स्थानाची साक्ष असते, आणि साक्ष म्हटली की ती खरी असावीच लागते. पंढरीचा प्रसाद म्हणून दुसऱ्याच गावचे चुरमुरे कोणी हाती ठेवले, तर ते कोणाला रुचेल?

सोलापूरची साक्ष आहे तिथले कापड. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीने या गावाला गिरणगाव केले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे गाव आपले मानले. घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या या समाजाने सोलापूरच्या चादरीला देशभर नाव मिळवून दिले. पुरुष मागावर आणि स्त्रिया विड्या वळण्यात, अशा कष्टांवर इथले संसार उभे राहिले. पुढे मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. यंत्रमागांनी शहराला सावरले. आज तेही अडचणीत आहेत. चादरीचे अनेक कारखाने टॉवेलकडे वळले, काही बंद झाले. मागावर बसण्यास विणकराचा मुलगा तयार नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या अवस्थेची कारणे अनेक आहेत. सुताचे भाव, विजेचे दर, बदललेली आवड ही सारी त्यांत येतात. पण सर्वांत जिव्हारी लागणारे कारण म्हणजे नावाची चोरी. अस्सल सोलापुरी चादर सुती असते, जाड असते. जॅकार्ड मागावर तिची नक्षी विणली जाते. एका बाजूला जो रंग नक्षीचा, तोच दुसऱ्या बाजूला जमिनीचा दिसतो. परंतु पानिपतसारख्या ठिकाणी तयार झालेली, कृत्रिम धाग्याची भेसळ असलेली स्वस्त चादर ‘सोलापुरी’ म्हणून बाजारात सर्रास खपते. गिऱ्हाईक किंमत पाहतो, लेबल वाचतो आणि समाधानाने घरी जातो. दोन धुण्यांत रंग उतरला की नाव मात्र सोलापूरचे खराब होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पानिपतशी सोलापूरचे वैर नाही. तेथील कारागीरही याच देशाचा आहे, त्याचीही परंपरा मोठी आहे. त्याने आपली चादर पानिपतच्या नावाने अभिमानाने विकावी. स्वदेशीची आपली कल्पना बहुतेक वेळा ‘परदेशी घेऊ नये’ येथेच थांबते. पण देशातीलच एका कारागिराच्या नावावर देशातीलच दुसऱ्याने व्यापार केला, तर ती स्वदेशी कशी म्हणायची? स्वदेशीचा आत्मा श्रमाच्या सन्मानात आहे. ज्या शहराने १९३० मध्ये मार्शल लॉ सोसला आणि ज्याचे चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, त्या शहराच्या श्रमाचे नाव असे पळवले जाणे शोभादायक नाही.

कायदा नाही असेही नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळून दोन दशके होत आली. १९९९ च्या कायद्यानुसार मानांकित नावाचा खोटा वापर हा गुन्हा असून त्यासाठी कैदेची व दंडाची तरतूद आहे. पण मानांकन हे कुलूप आहे. किल्ली फिरवावी लागते. प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करायची असते, मालावर मानांकनाची खूण लावायची असते, खोट्या मालाविरुद्ध तक्रार करायची असते. हे काम उत्पादकांच्या संघटनांचे आहे, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम शासनाचे आहे.

विमानतळ येथे उपयोगी पडू शकतो. बचत गटांना विमानतळावर आळीपाळीने अल्पकाळासाठी विक्रीची जागा देणारी ‘अवसर’ योजना भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२२ मध्ये आणली. सोलापुरात अशा जागेवर केवळ मानांकित चादरी आणि टॉवेल ठेवावेत, विणकराचे नाव असलेली चिठ्ठी त्यांना जोडावी. विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते आणि चादर वजनदार. म्हणून हातरुमाल, छोटे टॉवेल, सोलापूरची प्रसिद्ध विणलेली भित्तिचित्रे यांनाही स्थान द्यावे. जोडीला शेंगांची चटणी, मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी असावी. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंब यांनाही मानांकन आहेच. गड्ड्याच्या यात्रेत जे वैभव दिसते, त्याची ती एक झलक ठरेल. पाहुण्याला गावात जाण्यास वेळ असेल, तर त्याने पूर्व भागात जाऊन थेट कारखानदाराकडून माल घ्यावा. माग चालताना पाहणे हीसुद्धा मोठी आठवण आहे.

अखेरची जबाबदारी ग्राहकाची. विमानतळावर चहाला वाटेल तो भाव निमूटपणे देणारा माणूस विणकराशी मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. आपल्या लग्नकार्यांत टॉवेल-टोपीचा आहेर होतो, कार्यक्रमांत पाहुण्यांचा सत्कार होतो. कपाटात धूळ खात पडणाऱ्या प्लास्टिकच्या स्मृतिचिन्हाऐवजी तेथे अस्सल सोलापुरी चादर का दिली जाऊ नये? घेताना दुकानदाराला मानांकनाची खूण विचारावी. दहा ग्राहकांनी विचारले तर अकराव्यासाठी दुकानदार खरा माल ठेवू लागेल. सोलापूरचा माग चालू राहण्यासाठी भाषणांपेक्षा हा एक प्रश्न अधिक उपयोगी पडेल.