पदवीचा झगा आणि हक्काची भाषा

मार्च-एप्रिल महिन्यांत शहरांतीलच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतील इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांतही एक नवा सोहळा आता रूढ झाला आहे. शिशुवर्गातून पहिलीच्या वर्गात जाणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या बालकांच्या अंगावर काळा झगा चढविला जातो, डोक्यावर गोंड्याची चौकोनी टोपी ठेवली जाते, हातात फितीने बांधलेली कागदाची सुरळी दिली जाते आणि ‘ग्रॅज्युएशन डे’ या नावाने छायाचित्रे काढली जातात. टोपी डोळ्यांवर येते, झगा पायांत अडकतो, एखादे मूल रडू लागते. पालकांना या साऱ्याचे कौतुकच वाटते. केवळ हौस म्हणून याकडे पाहता येईलही. परंतु हेच मूल वीस-एकवीस वर्षांचे होऊन पदवीदान समारंभाच्या पोशाखाविषयी कुरकुर करू लागले, की तेच कौतुक करणारे वडीलधारे ‘आजकालच्या मुलांना सगळेच आपल्या हक्काचे वाटते’ असा निकाल देऊन मोकळे होतात. या दोन प्रसंगांचा परस्परसंबंध मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही.

प्राध्यापकांच्या खोलीत आणि महाविद्यालयाच्या कार्यालयात ही तक्रार वरचेवर ऐकू येते. समारंभाला यायचे, पण झगा घालायचा नाही. झगा घालायचा, पण त्याखाली फाटकी जीन्स. नियम दाखविला की ‘आम्ही फी भरली आहे’ हे उत्तर तयार. या तक्रारीत तथ्य मुळीच नाही, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण तथ्य आहे म्हणून निदानही बरोबर आहे, असे होत नाही. पोशाखाचा नियम कशासाठी असतो, त्याचा खर्च कोण सोसतो आणि तो मोडण्याची मुभा कोणाला असते, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज तरुणांवर हक्कदारीचा शिक्का मारणे म्हणजे आरोपपत्राआधीच शिक्षा सुनावण्यासारखे आहे.

झग्याची वंशावळ

हा झगा मूळचा मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांचा. तेथील अध्यापक व विद्यार्थी बहुधा धर्मसंस्थेशी संबंधित असत आणि त्यांच्या नित्याच्या पायघोळ वेषातूनच पुढे पदवीचा समारंभी पोशाख तयार झाला. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा परीक्षापद्धतीबरोबर हा वेषही येथे आला. १८६२ साली मुंबई विद्यापीठातून जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. बोटांवर मोजण्याइतक्या माणसांना लाभणाऱ्या त्या वेषाला तेव्हा एक वजन होते. ते वजन कापडाचे नव्हते, त्यामागील अभ्यासाचे होते.

स्वातंत्र्यानंतर या वेषावर आक्षेप आले ते प्रामुख्याने त्याच्या परकेपणावर. एप्रिल २०१० मध्ये भोपाळ येथील भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या पदवीदान समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच आपला झगा उतरविला आणि तो वसाहतवादाचा रानटी अवशेष असल्याची टीका केली. २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभाचा पोशाख हातमागाच्या कापडाचा असावा, असे विद्यापीठांना सुचविले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या वैद्यकीय शिक्षणसंस्थांना काळा झगा व टोपी सोडून स्थानिक परंपरेला अनुसरून भारतीय पोशाख ठरविण्यास सांगितले. हे सारे आपापल्या जागी योग्य असेल. परंतु या वादात चर्चा झाली ती वेष देशी की विदेशी याची. तो परवडणारा की न परवडणारा, याची नव्हे. विदेशी झगा गेला आणि त्याच्या जागी तितकेच महाग रेशमी उपरणे आले, तर राष्ट्राभिमान कदाचित सुखावेल. शेतमजुराच्या मुलीची अडचण होती तेथेच राहील.

समतेचे साधन

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर समारंभाच्या समान वेषाचे समर्थन करता येते आणि ते बळकट आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. त्याच ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात अमेरिकी महाविद्यालयांनी नव्याने स्वीकारलेल्या झगा-टोपीलाही त्याने सोडले नाही; विद्येचा हा थाट संपन्न वर्गाच्या डौलाशीच नाते सांगतो, असा त्याचा रोख होता. फ्रेड हर्श याने १९७६ साली ‘सोशल लिमिट्स टु ग्रोथ’ या पुस्तकात याच विचाराची पुढची पायरी मांडली. त्याचा आशय आपल्याकडच्या जत्रेतील कुस्तीच्या फडावरून समजू शकेल. पुढचा माणूस टाचा उंचावून उभा राहिला की मागच्याला तसे करावे लागते. अखेरीस साऱ्यांचेच पाय दुखतात आणि कुस्ती कोणालाच पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही.

दहावी-बारावीच्या निरोप समारंभांत आज नेमके हेच घडत आहे. एके काळी मुली आईची ठेवणीतील साडी नेसून येत आणि मुले इस्त्रीचा सदरा घालून. आता भाड्याचे घागरे आणि सूट, ब्यूटी पार्लर, स्वतंत्र छायाचित्रकार असा सरंजाम होऊ लागला आहे. हा खर्च प्रत्येक घर आनंदाने करते, असे नाही. शेजारचे घर करते म्हणून करते. ज्यांना ते जमत नाही, त्यांची मुले त्या दिवशी ‘पोटात दुखते’ असे सांगून घरी राहतात. त्यांच्या गैरहजेरीची नोंद कोणत्याही पटावर होत नाही. समान वेषाचा नियम ही चढाओढ थांबवू शकतो. झग्याखाली कोणाची साडी किती किमतीची आहे, हे झाकले जाते. तेव्हा नियम म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असे समजणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावयास हवे, की नियमाच्या अभावी मिळणारे स्वातंत्र्य ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच अधिक मिळते.

मात्र या समर्थनाला एक अट आहे. नियमाचा खर्च विद्यार्थ्यावर पडता कामा नये. झग्याचे भाडे, अनामत रक्कम, समारंभाचे शुल्क, छायाचित्राची सक्ती, गावाहून येणाऱ्या आई-वडिलांचा प्रवास आणि त्यांची बुडालेली मजुरी यांची बेरीज केली, तर समतेचे साधनच विषमतेचे कारण ठरते. वस्तुतः हा प्रश्न अवघड नाही. समजा, एखाद्या महाविद्यालयाने दोनशे झगे प्रत्येकी सहाशे रुपयांना शिवून घेतले आणि ते दहा वर्षे टिकले. एक लाख वीस हजारांचा हा खर्च दोन हजार स्नातकांत विभागला जाईल. म्हणजे माणशी साठ रुपये आणि वर धुलाई. वाचनालयातील पुस्तक जसे हातोहात फिरते, तसा झगाही फिरू शकतो. असे असता विद्यार्थ्याकडून दरवर्षी भाडे घेतले जात असेल, तर तेथे परंपरेचे रक्षण होत नसून केवळ कंत्राट चालू आहे, असे म्हणावे लागेल.

किंमत कोण मोजणार?

आता हक्कदारीच्या आरोपाकडे वळू. कोणती मागणी हक्काची आणि कोणती हट्टाची, हे ठरविण्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. मागणी मान्य केल्यास तिची किंमत कोण मोजणार?

अमेरिकेत या प्रश्नाचा ऊहापोह बराच झाला आहे. तेथील महाविद्यालयांनी १८९५ साली समारंभी वेषाची समान संहिता ठरविली आणि पुढे शाळांतूनही झगा-टोपीची प्रथा पसरली. मूळ अमेरिकी जमातींतील विद्यार्थी शालान्त समारंभात टोपीवर गरुडाचे पीस लावू इच्छितात, तेव्हा एकरूपतेच्या नावाखाली अनेक शाळांनी त्यांना मनाई केली. त्या जमातींत असे पीस कोणी हौसेने विकत घेऊन मिरवीत नाही. कर्तृत्वाचा गौरव म्हणून वडीलधारे ते प्रदान करतात. म्हणजे ज्या अर्थाने पदवीचा झगा मिळवावा लागतो, त्याच अर्थाने ते पीसही मिळवावे लागते. ओक्लाहोमा राज्याच्या विधिमंडळाने त्यास संरक्षण देणारा कायदा केला, राज्यपालांनी तो नाकारला आणि मे २०२३ मध्ये विधिमंडळाने तो नकार बाजूला सारून कायदा मंजूर केला. एका विद्यार्थ्याच्या टोपीवर पीस असल्याने शेजारच्याचे काहीही हिरावले जात नाही. किंमत शून्य आहे. म्हणून मागणी हक्काची आहे.

याच तत्त्वाचा धागा त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ मधील टिंकर खटल्यातही सापडतो. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधणाऱ्या मुलांना शाळेने शिक्षा केली होती. शाळेच्या कामकाजात मोठा अडथळा येत नसेल आणि इतरांच्या हक्कांवर आक्रमण होत नसेल, तर असा निषेध दडपता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. उलट, तासभर उशिरा येऊन आपले नाव पुन्हा पुकारण्याचा आग्रह धरणारा, किंवा व्यासपीठावर मित्रांसह गोंधळ घालून पुढच्या मुलीचा क्षण नासविणारा स्नातक आपल्या हौसेची किंमत इतरांकडून वसूल करीत असतो. त्यास हट्ट म्हणावे आणि तसे स्पष्टपणे सांगावे.

पण ही कसोटी एकदा हाती घेतली, की ती केवळ तरुणांनाच लावून भागणार नाही. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येतात आणि एप्रिलच्या उकाड्यात काळे झगे घातलेली मुले ताटकळत बसतात. पुढच्या रांगेतील कोच संस्थाचालकांच्या आप्तेष्टांसाठी राखीव असतात. ज्या आईने धुणीभांडी करून मुलाला शिकविले, ती मागच्या भिंतीला टेकून उभी असते. या सोयीची किंमत कोण मोजतो? समारंभाचा नियम न पाळण्याची मुभा ज्यांना आहे, ते नियम शिकविण्यास उभे राहिले, तर ऐकणाऱ्यांनी त्यांच्या शब्दांकडे पाहावे की वर्तनाकडे?

ग्राहक की स्नातक?

‘आम्ही फी भरली आहे’ हे वाक्य आजच्या तरुणांनी शोधून काढलेले नाही. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली आणि त्यानंतर शिक्षणाचा मोठा भाग शुल्कावर उभा राहिला. शिक्षणाच्या संधी वाढल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याचबरोबर प्रवेशाच्या जाहिराती, सवलतींची आमिषे आणि नोकरीची हमी हीही भाषा आली. ज्याला दारातच ग्राहक म्हणून वागविले, तो निरोपाच्या दिवशी शिष्यासारखा वागेल, ही अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे आहे. आणि शिशुवर्गातच ज्याला अभ्यासावाचून झगा मिळाला, त्याला झगा म्हणजे शुल्काच्या पावतीबरोबर मिळणारी वस्तू वाटली, तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, त्याला मिळालेल्या शिकवणुकीचा आहे.

‘दीक्षान्त’ या शब्दामागील कल्पना निराळी आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य कर्तव्ये सांगतात. परंतु त्याच उपदेशात, आमची जी कृत्ये चांगली असतील तेवढ्यांचेच अनुकरण करा, इतरांचे नको, असेही ते बजावतात. आपल्या अधिकाराला स्वतःच मर्यादा घालणाऱ्या त्या आचार्यांना शिष्यांच्या उर्मटपणाची तक्रार करावी लागली नसेल, तर त्यात नवल नाही.

तेव्हा पोशाखाचे नियम असावेत. पण ते वर्षाच्या प्रारंभी जाहीर व्हावेत, विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना विचारून ठरावेत, त्यांचा खर्च संस्थेने उचलावा आणि केवळ वेषापायी कोणाचाही व्यासपीठावरील प्रवेश नाकारला जाऊ नये. तेच नियम पाहुण्यांना आणि पदाधिकाऱ्यांनाही लागू असावेत. एवढे झाल्यावर जो तरुण केवळ स्वतःपुरती सवलत मागेल, त्याला ‘नाही’ म्हणण्याचा नैतिक अधिकार शिक्षकाला प्राप्त होईल. आज तो अधिकार पुरता शिल्लक नाही, हेच या सगळ्या कुरकुरीचे मूळ आहे.

शांतिनिकेतनात विश्वभारतीच्या दीक्षान्त समारंभात स्नातकांना सप्तपर्णीची पाने देण्याची प्रथा आहे. सप्तपर्णी म्हणजे आपल्याकडची सातवीण. तिच्या लाकडाच्या पूर्वी पाट्या करीत, म्हणून वनस्पतिशास्त्रात तिच्या नावाला विद्यार्थ्यांशी संबंध सांगणारा शब्द जोडला गेला. झाडाच्या पानाला भाडे पडत नाही, अनामत लागत नाही आणि ते जमीनदाराच्या मुलाला निराळे व कुळाच्या मुलाला निराळे मिळत नाही. तरीही ते हाती घेताना माणसाला भरून येते. कारण त्यामागे काही वर्षांचे श्रम असतात. शिशुवर्गातील बालकाला त्याच्या साध्या सदऱ्यातच बागडू द्यावे. झगा असो वा पान, ते हाती येण्यापूर्वी मिळवावे लागते, हे त्याला पुढे कळले पाहिजे. आणि ते कळण्यासाठी वडीलधाऱ्यांनी ते फुकट वाटणे आधी थांबविले पाहिजे.