आजीची घटका

परवा आमच्या आळीतील एका घरी बसलो असता आजीबाई नातवाला म्हणाल्या, "घटकाभर थांब रे, दिवस कासराभर वर येऊ दे, मग जा." इंग्रजी शाळेत जाणारा तो मुलगा आमच्या तोंडाकडे पाहू लागला. आजी काय म्हणाली ते आम्ही त्याला समजावून द्यावे, अशी त्याची अपेक्षा होती. एकाच छपराखाली आजी आणि नातू यांच्यामध्ये दुभाषा लागावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आम्हास वाटली नाही.

घटका म्हणजे 24 मिनिटे. अहोरात्राच्या 60 घटका. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडीत; ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त याच वाटीवर साधीत. मरणोन्मुख माणसाची 'घटका भरली' असे म्हणणाऱ्या बाईने काही काव्य केले नव्हते. बुडती वाटी तिच्या पाहण्यातली होती. कासरा तर बैलाचा दोर. सूर्य क्षितिजापासून दोरभर वर आला की दिवस कासराभर झाला. शेतकऱ्याने आपल्या हातातल्या वस्तूनेच आकाश मोजले!

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे 16 आणे, 64 पैसे व 192 पै इतिहासजमा झाले. 30 जून 2011 पासून तर पावलीही चलनातून गेली. तरी सोळा आणे खरी गोष्ट अद्याप खरीच असते, आणि पै-पै जोडून बांधलेले घर आजही उभे राहते. पासरी म्हणजे पाच शेर, हे मात्र 'पैशाला पासरी' म्हणणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो तो जुन्या बायकांचा 'वाढणे' हा शब्द. बांगडी फुटली असे त्या म्हणत नसत, बांगडी वाढवली. मंगळसूत्र तुटले नाही, वाढले. नारळ तर आपण अजूनही वाढवितोच. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावे. अभद्र ओठांवर येऊ द्यायचे नाही, हा त्या घराचा शिरस्ता होता, आणि तो पाळणाऱ्या बहुतेक जणींनी पाटी-पेन्सिल कधी हाती धरली नव्हती.

जुने ते सगळेच सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जातींना हिणविणाऱ्या, विधवेला अपशकुनी ठरविणाऱ्या म्हणीही याच तोंडांतून आल्या. त्या कोशात राहोत, व्यवहारात नकोत.

आमच्या भागातील आजीची मराठी कानडी वळणाची आहे, अशुद्ध आहे, असे नाक मुरडून सांगणारे काही सद्गृहस्थ आम्हास भेटतात. त्यांनी आधी आपल्या पानावरचे तूप बाजूला काढून ठेवावे, कारण तो शब्द कानडीतूनच आला. अण्णा, अक्का, अडकित्ता, खलबत्ता यांचीही तीच कथा. सीमाप्रश्नावर आमचे म्हणणे वाचकांस ठाऊक आहे. त्यासाठी आजीच्या बोलीतला एकही शब्द लपविण्याचे आम्हास प्रयोजन दिसत नाही. आमचे भांडण शेजाऱ्याच्या भाषेशी कधीच नव्हते.

मोल्सवर्थने 1831 साली आपला कोश प्रसिद्ध केला. दाते-कर्वे यांनी 1932 ते 1938 या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. तरीही गावोगावचे, घरोघरचे पुष्कळ शब्द कोशाबाहेरच राहिले असणार. म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की, या सुट्टीत मुलांच्या हाती एक वही द्यावी. आजी-आजोबांच्या तोंडचा शब्द, तो कोणत्या गावी व कोणत्या प्रसंगी वापरीत, एवढे त्यांनी लिहावे. अर्थ नीट लागला नाही तरी जागा मोकळी सोडून पुढे जावे. वह्या आमच्या कचेरीत आणून दिल्यास त्यांतील निवडक भाग आम्ही आनंदाने छापू.