घर विकत मिळते, गाव मिळवावे लागते



पोळ्याच्या दिवशी एका गावात गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट वणी तालुक्यातल्या कोणत्याही गावात घडू शकते. तोरणाखाली बैलजोड्या लागल्या होत्या. एक जोडी मात्र रांगेपासून वीसेक हात दूर, बाभळीखाली उभी. झूल नवी, शिंगे रंगवलेली, बाशिंग बांधलेले. मालक कासरा धरून गप्प. मी विचारले, "काका, इकडे काहून?" ते म्हणाले, "आमचा नंबर कुठं, ते कोणी सांगितलंच नाही साहेब. तीन वर्षं झाली, अजून आमाले खाणवालेच म्हणते."

हे काका मूळचे याच तालुक्यातले. त्यांची जमीन कोळसा खाणीत गेली. मोबदला आला, त्यातून या गावात जुने घर आणि चार एकर वावर घेतले. घर झाले, वावर झाले, पण गाव झाले नाही.

निलजई, उकणी, मुंगोली, घोन्सा ही नावे तुम्हाला खाणींची म्हणून ठाऊक आहेत. पण ही आधी गावांची नावे आहेत. खाण वाढते तशी वावरे जातात, आणि माणसे मोबदल्याची रक्कम घेऊन आजूबाजूच्या गावांत घर शोधत फिरतात. हा प्रश्न एकट्या वणीचाही नाही. कोयना धरणात गेलेल्या साताऱ्याच्या गावांतील लोक रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत जाऊन राहिले. पुनर्वसनासाठी राज्यात १९७६, १९८६ आणि १९९९ असे तीन कायदे झाले. कायद्याने भूखंड देता येतो, मोबदला देता येतो. शेजार मात्र कायद्याने देता येत नाही. तो तुम्हा-आम्हालाच द्यावा लागतो.

प्रथम घेणाऱ्यासाठी चार गोष्टी. हातात एकरकमी पैसा असला की दलाल घाई करतात. घाई करू नका. स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, चार साक्षीदारांच्या सह्या झाल्या, म्हणजे घर आपले झाले, हा समज सोडा. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावीच लागते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावठाणांची मोजणी झाली, तिथे मिळकत पत्रिका मागा.

वावर घेताना सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार पाहा. शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, ही अट विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्यात कलम ८९ मध्ये आहे. ज्यांची सगळीच जमीन खाणीत गेली, त्यांनी जुना सातबारा, संपादनाची कागदपत्रे आणि ताबा दिल्याचा कागद जिवापाड जपावा, आणि सौदा करण्याआधी तहसीलमध्ये विचारून घ्यावे. नंतर विचारून उपयोग नाही. झरी जामणी, मारेगावकडे, कोलामपोडांच्या भागात वावर पाहत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावे होत नाही. महसूल संहितेचे कलम ३६-अ त्यासाठीच आहे. स्वस्त मिळते म्हणून तिथे हात घालू नका. पैसाही जाईल आणि एका गरीब घराचा आधारही जाईल.

आता दुसरी बाजू. गावकऱ्यांचे म्हणणेही मी ऐकले. त्यांनी सांगितले, "साहेब, यायनं आल्याबरोबर तारेचं कुंपण केलं अन् पांदण बंद झाली. आमची बंडी कुठून न्यायची?" हे म्हणणे खरे होते. काकांनी विकणाऱ्याने दाखवलेल्या खुणेवर तार ओढली. शेजाऱ्याला विचारले नाही, मोजणी केली नाही. शेवटी भूमी अभिलेख खात्याची मोजणी लागली. शेजारचे चारही धुरेवाले हजर राहिले. पांदण नकाशात निघाली आणि काकांनी आपल्या हाताने तार मागे घेतली. मोजणी आधी झाली असती तर तीन वर्षांचा अबोला टळला असता. म्हणून सांगतो, नव्या वावरात पहिले काम कुंपण नव्हे. पहिले काम म्हणजे चारही धुऱ्यांवरच्या शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजणे. रस्ता कोणी अडवलाच तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण खटला जिंकून शेजारी मिळत नसतो.

शेतीचेही तसेच. जुन्या गावाची जमीन कशी होती ते विसरा. नव्या वावराचे माती परीक्षण करून घ्या. पाणी कुठे साचते, कोणत्या तासाला पऱ्हाटी जळते, हे नकाशा सांगत नाही, शेजारचा म्हातारा सांगतो. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करा, हे मी दरवर्षी सांगतो. पण त्या शिवारात ओल किती दिवस टिकते, हे गावालाच विचारावे लागेल.

एक गैरसमजही दूर करतो. गावात कुजबुज असते की खाणवाल्यांना मोबदलाही मिळाला आणि आता पीएम किसानचे पैसेही मिळतात. ज्याच्या नावावर १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने जमीन झाली, त्याला त्या जमिनीवर हा हप्ता मिळत नाही. वारसाने आली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा उगाच जळू नका.

माणसे परक्या गावात घर घेतात, हे जगभर चालते. युरोपात बल्गेरिया नावाचा देश आहे. १९८५ च्या जनगणनेत तिथे सुमारे ८९ लाख लोक होते, २०२१ मध्ये सुमारे ६५ लाख राहिले. तरुण बाहेर गेले, खेडी ओस पडली. हा देश २००७ मध्ये युरोपीय संघात गेला आणि इंग्लंडसारख्या देशांतील लोकांनी तिथली जुनी घरे स्वस्तात घेतली. शेतजमिनीवर मात्र बल्गेरियाने २०१४ पर्यंत परदेशी लोकांसाठी बंधन ठेवले होते. आपल्याकडेही तसेच आहे. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या पोरांना गावात घर घेता येते, शेतजमीन खरेदी करता येत नाही, वारसाने मात्र मिळते. सांगायचा मुद्दा हा, की बल्गेरियात घर घेणाऱ्या साहेबालाही तिथली भाषा शिकल्याशिवाय दुकानदाराशी, शेजाऱ्याशी बोलता येत नाही. तो भाषा शिकतो, शेजाऱ्याची रीत शिकतो. नाहीच जमले तर घर विकून आपल्या देशी परत जातो.

आपल्या काकांना परत जायला गाव नाही. ते गाव आज कोळशाच्या खड्ड्यात आहे. त्यांची भाषा तुमचीच, पोळा तुमचाच, पीक तुमचेच. मग त्यांना परके म्हणायचे कशासाठी? मोबदल्यामुळे जमिनीचे भाव वाढले, असे तुम्ही म्हणाल. वाढले असतील. पण भाव घेऊन जमीन विकली तीही आपल्याच गावातल्या माणसाने. आणि आणखी एक विचार करा. खाणीची हद्द आज त्यांच्या गावापर्यंत आली, उद्या ती कुठपर्यंत येईल? त्या दिवशी आपली बैलजोडी कोणत्या गावच्या बाभळीखाली उभी असेल?

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना विनंती आहे. गावात नवे कुटुंब आले की त्याला शिधापत्रिका, मतदार यादी, मुलांची शाळा, नमुना ८ ची नोंद आणि ई-पीक पाहणी यांची माहिती पहिल्याच आठवड्यात एका कागदावर लिहून द्या. येत्या ग्रामसभेत त्या कुटुंबांची नावे वाचा, त्यांना उभे करा, गावाला ओळख करून द्या. याला एक पैसा खर्च येत नाही. आणि पोळ्याच्या आधीच, बैलांचा क्रम ठरवताना, त्यांचाही नंबर ठरवून कळवा.

त्या दिवशी शेवटी काय झाले ते सांगतो. गावातल्या एका म्हाताऱ्याने पाहिले आणि ओरडला, "अरे, ती जोडी तिकडं काहून? आणा इकडं!" दोन पोरे धावत गेली. काकांनी कासरा ओढला आणि जोडी रांगेत लागली. कोणी काही बोलले नाही, कोणी हरकतही घेतली नाही. म्हणजे मनात फारसे कोणाच्या काही नव्हते. फक्त तीन वर्षे कोणी हाक मारली नव्हती.